मदत हवी आहे: अ‍ॅडचे क्लिक ऑरगॅनिकमध्ये दिसतायत का, कसं तपासू?

नमस्कार मंडळी,

एका साइटच्या सर्च अ‍ॅड्सचं काम माझ्याकडे नुकतंच आलंय. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिक दिसतात आणि जीए४ मध्ये (गूगल अ‍ॅनालिटिक्स, साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं) गूगल सीपीसीच्या, म्हणजे अ‍ॅडच्या क्लिकच्या ओळीत जे सेशन (भेटी) दिसतात ते त्याच्या निम्मे पण नाहीत, आणि त्याच काळात गूगल ऑरगॅनिक (अ‍ॅडशिवाय साध्या सर्चमधून येणारे लोक) मात्र वाढलेलं दिसतंय, जेव्हा की साइटवर एसइओचं (साध्या सर्चमध्ये वर येण्यासाठीचं) काहीही काम झालेलं नाही, नवीन पानं नाहीत, काही नाही. ऑटो टॅगिंग चालू आहे, दोन्ही अकाउंट लिंक आहेत, ते आधीच बघितलंय.

मला काळजी वेगळीच आहे. साइटवाले म्हणतायत की ऑरगॅनिक एवढं छान चाललंय तर अ‍ॅडचं बजेट निम्मं करूया. पण ते ऑरगॅनिक मुळात अ‍ॅडमधूनच येत असेल तर बजेट कापल्यावर तेही खाली येणार आणि मग कुणालाच कळणार नाही की झालं काय. म्हणून निर्णय व्हायच्या आत मला पुराव्यानिशी दाखवायचंय की कुठला क्लिक कुठून आला.

दुसरं म्हणजे सर्च पार्टनर्स (गूगल सर्चशिवायच्या इतर साइट, जिथे याच अ‍ॅड दिसतात) पण चालू आहेत आणि लोकेशनमध्ये जो भाग निवडलाय त्याच्या बाहेरून पण चौकशा येतायत. हे सगळं वेगवेगळं करून बघायचं असेल तर सुरुवात कुठून करू? सर्व्हरचे लॉग (येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) मिळू शकतात, पण ते कसे वाचायचे याची फार माहिती नाही. कुणी केलंय का हे?

प्रतिसाद १

लॉग मिळतायत ना, मग निम्मं काम झालं, तिथूनच सुरू करा. अ‍ॅनालिटिक्स पेज लोड झाल्यावर जावास्क्रिप्टने मोजतं आणि लॉग त्याच्या आधी, पहिली रिक्वेस्ट आली की लगेच लिहिला जातो.

ऑटो टॅगिंगमध्ये प्रत्येक क्लिकच्या लिंकला प्रश्नचिन्हाच्या पुढे जीक्लिड (gclid) नावाचं पॅरामीटर जोडलं जातं आणि ते दर क्लिकला वेगळं असतं. तेव्हा लॉगमध्ये एका दिवसाचे वेगवेगळे जीक्लिड मोजा आणि त्याच दिवसाच्या अ‍ॅड्समधल्या क्लिकशी लावून बघा. ओळी मोजू नका, वेगवेगळे जीक्लिडच मोजा, कारण कुणी पेज रिफ्रेश केलं की तोच जीक्लिड परत दिसतो. आकडा जवळपास जुळला तर लोक सर्व्हरपर्यंत पोचतायत आणि गळती त्याच्या पुढे आहे.

मग बघा की जीक्लिड असलेल्या रिक्वेस्टला उत्तर २०० (पेज मिळालं) गेलंय का ३०१ किंवा ३०२ (रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं). ३०१ असेल तर त्याच आयपीवरून लगेच पुढची जी ओळ आहे तिच्यात जीक्लिड उरलाय का? माझा अंदाज आहे की नसणार. रीडायरेक्टमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं गळून पडलं की जीए४ ला फक्त रेफरर (माणूस कुठल्या साइटवरून आला ते) दिसतो, तो गूगलचा, आणि मग ते सेशन सरळ गूगल ऑरगॅनिकमध्ये टाकलं जातं. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

हाताने पण तपासता येतं. अ‍ॅडमधला फायनल यूआरएल (क्लिकनंतर उघडणारा पत्ता) जसाच्या तसा कॉपी करा, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन gclid= आणि त्यापुढे काहीतरी टेस्ट शब्द असं जोडा आणि इनकॉग्निटोमध्ये उघडा. पेज उघडल्यावर अ‍ॅड्रेस बारमध्ये तो शब्द राहिला पाहिजे. स्वतःच्या अ‍ॅडवर क्लिक करून टेस्ट करू नका प्लीज, पैसेही जातात आणि डेटाही घाण होतो.

प्रतिसाद २

वरच्यांना +१. पार्टनर्स आणि लोकेशनबद्दल सांगतो, तो विषय वेगळा आहे, तो रीडायरेक्टमध्ये मिसळू नका.

अकाउंट लेव्हलला फायनल यूआरएल सफिक्स म्हणून एक जागा आहे, तिथे यूटीएम (क्लिक कुठून आला ते सांगणाऱ्या, आपण लिंकला जोडायच्या खुणा) टाका आणि त्यात व्हॅल्यूट्रॅकचे पॅरामीटर (ज्यांची व्हॅल्यू क्लिकच्या वेळी गूगल भरतं) वापरा. नेटवर्कवालं पॅरामीटर गूगल सर्चसाठी ‘जी’ (g) हे अक्षर देतं आणि सर्च पार्टनरसाठी ‘एस’ (s). पार्टनरची साइट नेमकी कुठली ते यातून कळत नाही, पण दोन्हीच्या चौकशा वेगळ्या मोजता येतात आणि पार्टनर्स बंद करायचे का ते ठरवायला तेवढं पुरतं. डिव्हाइसचं आहे, मॅच टाइपचं (सर्च कीवर्डशी कितपत जुळावा ते) आहे, तेही घ्या. कीवर्डचं घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, ते तुमच्या अकाउंटमधला कीवर्ड देतं, माणसाने प्रत्यक्ष काय टाइप केलं ते नाही. ते सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये, आणि तिथेही २०२० पासून कमी वापरल्या गेलेल्या टर्म्स दाखवत नाहीत, त्यामुळे बेरीज जुळली नाही तर घाबरू नका.

यूटीएम टाकायचं आणखी एक कारण. आयफोनवर आयओएस १७ पासून सफारीच्या प्रायव्हेट ब्राउझिंगमध्ये जीक्लिडसारखी ओळख लिंकमधून काढून टाकतात, यूटीएम मात्र राहतात. शिवाय आयफोनच्या काही क्लिकना जीक्लिडऐवजी जीब्रेड (gbraid) किंवा डब्ल्यूब्रेड (wbraid) लागतं, तेव्हा लॉगमध्ये तेही शोधा, नाहीतर मोजणी उगीच कमी येईल.

बाहेरच्या भागातल्या चौकशांचं कारण बहुतेक लोकेशन ऑप्शन्समध्ये आहे. तिथे डिफॉल्टला त्या भागात असलेले आणि त्या भागात रस दाखवलेले, असे दोन्ही लोक धरले जातात. फक्त तिथे असलेलेच हवे असतील तर प्रेझेन्स निवडा. मला विचाराल तर नवीन अकाउंट हातात आलं की सगळ्यात आधी हेच उघडून बघावं, इथे फार पैसा जातो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, टेस्ट केली आणि सापडलं!! काही अ‍ॅडमध्ये फायनल यूआरएल डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आहे आणि काहींमध्ये त्याशिवाय. लावलेले नीट उघडतात, टेस्ट शब्द राहतो. बिनाडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाले ३०१ होऊन पुढे जातात आणि प्रश्नचिन्हासकट सगळं गायब. म्हणूनच सगळे क्लिक न जाता अर्धवट जात होते. लॉगमध्येही पहिल्या ओळीत जीक्लिड आहे आणि पुढच्या ओळीत नाही, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. सर्व्हर एनजिनएक्स (nginx) आहे. सगळ्या अ‍ॅडचे यूआरएल बदलू का रीडायरेक्ट दुरुस्त करू? आणि यूटीएम टाकले तर ते तरी वाचतील का?

प्रतिसाद १

यूटीएमही त्याच प्रश्नचिन्हाच्या पुढे असतात, तेव्हा तेही जाणार. आधी रीडायरेक्ट. एनजिनएक्समध्ये रिटर्न ३०१ च्या ओळीत डॉलर यूआरआय ($uri) लिहिलं असेल तर फक्त पाथ जातो. त्याजागी डॉलर रिक्वेस्ट यूआरआय ($request_uri) लिहायला सांगा, त्यात क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हापुढचा भाग) धरून सगळं येतं. एका शब्दाचा बदल आहे. त्यानंतर सवडीने अ‍ॅडचे यूआरएलही बदला, म्हणजे मोबाइलवर एक उडी वाचते आणि पेज जरा लवकर उघडतं.

झाल्यावर सुद्धा क्लिक आणि सेशन शंभर टक्के जुळणार नाहीत, साइटवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा. पेज उघडायच्या आत मागे गेलेला माणूस क्लिकमध्ये मोजला जातो, सेशनमध्ये नाही. एकाच माणसाने अर्ध्या तासात दोनदा क्लिक केलं तर क्लिक दोन आणि जीए४ मध्ये सेशन साधारण एकच. कुकीला नकार दिलेले लोक वेगळेच. इनव्हॅलिड (बनावट किंवा चुकून झालेले) क्लिक मात्र या फरकात धरू नका, जे फिल्टर होतात ते क्लिकच्या कॉलममध्ये नसतातच, त्यांचा वेगळा कॉलम लावून बघता येतो.

जुना डेटा जीए४ मध्ये दुरुस्त होणार नाही. पण लॉग ठेवलेत ना, त्यातून मागच्या काळातले जीक्लिडवाले क्लिक काढून ऑरगॅनिकच्या आकड्याशेजारी मांडा. बजेटच्या मीटिंगला तेच लागेल.

धागाकर्ता

रीडायरेक्ट बदलून घेतला, सीपीसीची ओळ वर आली आणि ऑरगॅनिक तेवढंच खाली आलं. बजेटचा निर्णय तूर्त थांबवलाय, फार हायसं वाटलं. लोकेशनही प्रेझेन्सवर केलंय.

आता शेवटचं. चौकशीचा फॉर्म भरला जातो तो एका शीटमध्ये येतो आणि तिथे नाव, फोन एवढंच असतं. यातली कुठली चौकशी पार्टनर्सकडून आली ते तिथेच दिसेल असं काही करता येईल का?

प्रतिसाद २

येईल. फॉर्ममध्ये हिडन फील्ड (भरणाऱ्याला न दिसणारे रकाने) टाका, एक जीक्लिडसाठी आणि एकेक यूटीएमसाठी, त्यातच नेटवर्कचं पण. लोक पहिल्याच पानावर फॉर्म भरत नाहीत, दोनचार पानं फिरतात, त्यामुळे आल्याआल्या ती व्हॅल्यू फर्स्ट पार्टी (साइटच्या स्वतःच्या) कुकीत ठेवायची आणि फॉर्मच्या वेळी तिथून उचलायची. जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सफारीत जास्तीत जास्त ७ दिवस टिकते, लोक विचार करायला वेळ घेत असतील तर ती सर्व्हरकडून सेट करून घ्या. आणि ज्या चौकशांचं पुढे खरंच काम झालं त्यांचे जीक्लिड क्लिकपासून ९० दिवसांच्या आत अ‍ॅड्समध्ये ऑफलाइन कन्व्हर्जन म्हणून अपलोड करा, म्हणजे पार्टनर्सचा हिशोब नुसत्या चौकशांवर न राहता झालेल्या कामावर लागेल. शीटचा कॉलम आजच वाढवून ठेवा, मागच्या चौकशांना तो नंतर भरता येत नाही.