मदत हवी आहे : आईचा खांदा, सुया झाल्या, आता कपिंग?

बेडोककर
आई तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आली आहे. उजवा खांदा आखडलाय, वेणीपर्यंत हात पोचत नाही. इथल्या चिनी वैद्याकडे ॲक्युपंक्चरच्या सहा बैठका झाल्या, थोडा फरक आहे. आता ते म्हणतात, सोबत कपिंग आणि मोक्सा घ्या, शिवाय काढ्याच्या पुड्या. तिन्ही एकदम करावं का? उद्या सकाळी ११ची वेळ आहे. अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज.

निवांत_काका
कपिंग म्हणजे कातडीला पेला लावून ती ओढून धरायची, आपली तुंबडीच की! गावात वैदू यायचे, शिंगाची लावायचे. २०१६च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू फेल्प्सच्या खांद्यावर तेच जांभळे गोल होते. बिनधास्त करा.

टोचाटोची
वय? शुगर? गोळ्या कुठल्या?

बेडोककर
६८. शुगर आहे, पण माझा प्रश्न खांद्याचा आहे.

टोचाटोची
मीही खांद्याचंच विचारतोय. फ्रोझन शोल्डर शुगरवाल्यांनाच जास्त होतो. मोक्सा म्हणजे वाळक्या पाल्याची विडीसारखी कांडी, पेटवून कातडीजवळ धरतात. पायावरही देतात. शुगरमुळे पाय बधिर असतील तर चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

रिकामा_खिसा
तुंबडी कुणाची भरतेय ते बघा आधी. दोन महिने फिजिओचे व्यायाम करा, फुकट.

निवांत_काका
काहींना चिनी म्हटलं की पोटात दुखतं. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनसाठी जीव दिला!

रिकामा_खिसा
काका, ते सर्जन होते. १९३८ला गेले ते युद्धातल्या जखमींसाठी. सुयांचा काय संबंध?

गरम_मसाला
हे सगळं सोडा, ग्वाशा करा. तेल लावून चिनी मातीच्या चमच्याच्या कडेने मानेपासून खाली ओढायचं. लाल पुरळ उठलं की समजा काम झालं. माझी मान एका दिवसात सुटली.

टोचाटोची
ते पुरळ म्हणजे कातडीखाली फुटलेलं रक्त. कपिंगचे गोलही तेच. म्हणून तर गोळ्या विचारतोय. @बेडोककर?

बेडोककर
बीपीची एक, शुगरच्या दोन. आणि स्टेंटनंतरची ती रोजची. त्याचा इथे काय संबंध?

टोचाटोची
स्टेंट!! हे पहिल्या ओळीत हवं होतं. ती रक्त पातळ करणारी असणार. कपिंग, ग्वाशा दोन्ही थांबवा. काढ्यातली नावं वाचून दाखवा. दानशेन किंवा दांगग्वे (या चिनी औषधी मुळ्या, त्यांनी रक्त आणखी पातळ होऊ शकतं) असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको. गान्साओ म्हणजे ज्येष्ठमध, रोज घेतलं तर बीपी चढतं.

निवांत_काका
ज्येष्ठमध घशाला उत्तम. मधातून घ्या.

बेडोककर
डबी बघितली. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन. पुडीवर सगळं चिनीत, पण फोटो काढून भाषांतर केलं, दानशेन आहे. वैद्यांना फोन केला तर ते म्हणाले, "पहिल्या दिवशी फॉर्मवर गोळ्या विचारल्या होत्या, तुम्ही नाही लिहिलंत." फॉर्म मीच भरला होता. उद्या फक्त सुया, तेही गोळ्यांची यादी दाखवून. आईच्या डॉक्टरांना पुण्याला मेसेज टाकलाय.

गरम_मसाला
मोक्साचा वास पडद्यांतून आठवडाभर जात नाही, आधीच सांगते. व्हिनेगरची वाटी ठेवा.

बेडोककर
मोक्सा दवाखान्यात देतात हो, घरी नाही.