मदत हवी आहे: कळा वाढवायचं इंजेक्शन घ्यावं का?

मैत्रिणींनो, मला 37वा आठवडा लागलाय, पहिलंच बाळंतपण. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, कळा सुरू झाल्या की त्या वाढवायला सलाइनमधून ऑक्सिटोसिन आणि गर्भाशयाचं तोंड लवकर उघडावं म्हणून ड्रोटाव्हेरीनचं इंजेक्शन देऊ, म्हणजे लवकर सुटशील. सासूबाईंनाही ते पटलंय. मला मात्र तेव्हापासून झोप नाही.

माझ्या मोठ्या बहिणीला हेच सलाइन लावलं होतं. कळा एकावर एक येत राहिल्या, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नव्हती. बाळाचे ठोके कमी झाले आणि शेवटी सिझर झालं. ती अजूनही त्या रात्रीबद्दल बोलताना रडते.

मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशींप्रमाणे तोंड 5 सेंमी उघडेपर्यंत वेळ लागला तरी, आई आणि बाळ ठीक असतील तर, घाई करायची गरज नसते. ड्रोटाव्हेरीनसारखी औषधंही निव्वळ उशीर होऊ नये म्हणून देऊ नयेत, असं त्यात आहे. कळा खरंच थंडावल्या तर ऑक्सिटोसिन लागतं, हे मला मान्य आहे. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला देतात तेही मी घेणारच.

पण सगळं नीट चालू असताना आधीच कशाला? डॉक्टरांना न दुखवता हे कसं विचारू? ज्यांना सलाइन लावलं होतं त्यांनी सांगा ना, बाळाचे ठोके किती वेळाने बघत होते? सलाइन हळू करा म्हटल्यावर ऐकलं का? पुढची तपासणी सोमवारी आहे.