आबांबद्दल ज्यानं जे बघितलं ते लिहा

नात (पुणे): राम राम सगळ्यांना 🙏 आबांचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, तारीख काकांनी कळवलीच आहे. माझं एक मागणं आहे. ग्रुपवर सगळे लिहितायत की आबा लय कष्टाळू होते, देवमाणूस होते, ते खरंच आहे पण माझ्या पोराला त्यातून काही कळत नाही कारण त्यानं आबांना अंथरुणावरच बघितलं. म्हणून ज्यानं जे डोळ्यानं बघितलं ते लिहा, लांब झालं तरी चालेल, व्हॉइस नोट नको, मला प्रिंट काढायचीय.

थोरली आत्या (उदगीर): मी सांगूलाले, सूनबाई टाइप करूलाली. बहात्तरचा दुष्काळ मला आठवतो, मी सात-आठ वर्षाची आसल. रानात कुसळ नव्हतं, बैल विकावं तर घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं, आबानी शेवटी दावं सोडून दिलं. आई आन आबा पाझर तलावाच्या कामावर जायचे, आबा खंदायचे न आई पाट्या टाकायची. तिथं दुपारी सुकडी मिळायची, ती आबा खायचे नाहीत, धोतराच्या सोग्यात बांधून आमच्यासाठी आणायचे. मिलो ज्वारीची लाल भाकर घशाखाली उतरायची नाही, मी रडायचे, तर म्हणायचे रडूलालीस कामून, बारीक चावून खा, गोड लागती. आन खरंच लागायची. त्याच साली जमीन सावकाराकडं गेली. त्यो तलाव आजून हाय, पोराला घेऊन ये, दाखवते, आबाच्या हातची माती हाय तिथं.

मधले काका (लातूर): ताईनं जमिनीचं काढलं म्हणून सांगतो, जमीन सोडवायचीच ह्या एका गोष्टीसाठी आबा लातूरला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालीला आले. तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं, आता पन्नास किलोचं झालंय, त्यामुळं आजच्या पोरांना पटत नाही. ट्रकमधून उतरवायचं, काट्यावर न्यायचं, तिथून गोडाऊनला थप्पी लावायची आणि थप्पी उंच झाली की फळी टाकतात, त्या फळीवरून शंभर किलो पाठीवर घेऊन चढायचं, फळी खालीवर हालती, एक पाय चुकला की माणूस कामातून गेला. मी शाळा सुटली की डबा घेऊन जायचो तेव्हा ती फळी बघायची मला भीती वाटायची म्हणून मी आडतीच्या पायरीवर पाठ करून बसायचो. उजव्या खांद्यावर मानेपाशी त्यांना लिंबाएवढी गाठ आली होती, निबर, आम्ही पोरं ती दाबून बघायचो. अक्षरओळख नव्हती पण पोत्यावरचा मार्का बघून कुठल्या आडत्याचा माल ते लांबूनच सांगायचे. आणि सांडलेली तूर कधी घरी आणली नाही, आई म्हणायची मूठभर आणा की वरणाला, तर म्हणायचे झाडणाऱ्या बायांचं पोट हाय त्याच्यावर.

धाकटी काकू: मी लग्न होऊन आले आणि मग डीएड केलं, हे किती घरात होतं तेव्हा? परीक्षेच्या टायमाला बाळ सहा महिन्याचं होतं. आबा दिवसभर पोती उचलून यायचे, हातपाय धुवून झोळीपाशी बसायचे आणि मला म्हणायचे तू वाच. मी अभ्यासातनं वर बघायचे तर त्यांचे डोळे मिटलेले असायचे पण दोरी काही थांबलेली नसायची. माझ्या वडलांनी सुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नाही.

थोरले काका: मला जास्त लिहायला होत नाही. जमीन सुटली त्या कागदावर आबांनी अंगठा लावला नाही, सही केली. त्याच्या आधी महिनाभर माझ्या पाटीवर गिरवत होते रात्री. कागद माझ्याकडं आहे, फोटो टाकतो.

धाकटे काका: दादा, फोटो टाकाच 🙏 मी किल्लारीच्या भूकंपाचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. विसर्जन उरकून लोक झोपले होते. आमची भांडी पडली म्हणून आम्ही बाहेर आलो, नेमकं कुठं काय झालं ते उजाडल्यावर कळलं. मोंढ्यातले हमाल टिकाव फावडी घेऊन ट्रकनं निघाले त्यात आबा होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची, म्हणजे धाब्याच्या छताची, मातीच माती, ती सगळी माणसांवर आलेली, त्यातला दगड न दगड हातानं काढायचा आणि वरनं पाऊस. आल्यावर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावाकडं गेले, आपल्या घराच्या माळवदावर चढले आणि एकट्यानं माती खाली ओढायला लागले. लोक म्हणत होते माळवद गार असतं, कशाला मोडता, पण ऐकलं नाही, सगळी माती उतरवून पत्रे टाकले तेव्हाच आम्हाला आत झोपू दिलं.

नातू (हैदराबाद): पत्रे का आहेत हे मला आज कळलं काका. मी २०१६ चं सांगतो, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, पहिल्या गाडीला पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या, टीव्हीवाले स्टेशनवर मुक्कामाला होते. माझी सीईटी तोंडावर होती. टँकर गल्लीत कधी येईल नेम नसायचा, रात्री बारालाही यायचा, मी घागर घेऊन उठलो की आबा म्हणायचे पड तू, सकाळी क्लास हाय. सत्तरी पार केलेला माणूस रांगेत उभा राहायचा आणि आपला ड्रम भरला की शेजारच्या एकट्या आजींचा भरून मगच झोपायचा. लातूर पॅटर्न म्हणून सगळे क्लासचं नाव घेतात, मी आबांचं घेतो.

नात (पुणे): वाचून रडायला येतंय सगळ्यांचं. हे सगळं मी एकत्र करतेय.

मधल्या काकांचा मुलगा: ताई, चौकात मोठा डिजिटल बॅनर लावू का, रेट काढलाय मी.

थोरली आत्या (उदगीर): बॅनर नको रे बाबा. त्या पैशात मोंढ्यातल्या हमालास्नी जेवू घाला.

मधले काका (लातूर): ताईचं बरोबर आहे, पण तेव्हा नव्या तुरीची आवक सुरू असती, ते लोक काम सोडून मंगल कार्यालयात यायचे नाहीत. आपणच तिथं न्यायचं. आणि गोडधोड नको, जड पोटानं पोतं उचलत नाही, भाकरी, मिश्र भाजीची भज्जी आणि आंबील करू.

थोरली आत्या (उदगीर): आंबील माझ्याकडं. ताक घरचं आणते, रात्रीच लावावी लागती, म्हणून मी आदल्या दिवशी दुपारीच येते.

धाकटी काकू: भज्जीला पावटा, तुरीचे दाणे इथं मिळतील. चिंच गावाकडची आणा कुणीतरी.

थोरले काका: चिंच मी आणतो. कागदाचा फोटो टाकलाय वर, बघा.