मदत हवी आहे: क्लेममधून केलेली दुरुस्ती उखडतेय

पाइप फुटून आमच्या हॉलची भिंत भिजली. क्लेम मंजूर झाला, विमा कंपनीनेच ठेकेदार पाठवला. त्याने भिजलेला गिलावा न काढता, भिंत वाळूही न देता वरून पुट्टी आणि रंग मारला. आता रंगाला फुगे आलेत. नख लावलं की पापुद्रा सुटतो, खाली पांढरे क्षार दिसतात. ओल आत कोंडल्यावर दुसरं काय होणार! आईला दमा आहे, म्हणून जास्तच काळजी वाटते.

ठेकेदार 'काम समाधानकारक' म्हणून सही मागतोय. मी दिलेली नाही. कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते, तो कंपनीकडे.

सर्व्हेयरकडून (विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला) फेरतपासणी लेखी मागावी, की आधी स्वतःच्या खर्चाने इंजिनिअरचा अहवाल घ्यावा? दरम्यान गिलावा फोडला तर पुरावा जाईल का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.