मेळावा गणपतीआधी घ्या

बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करायचा मेळावा भरवायचं चाललंय, त्यावर ‘गावात दुरुस्तीवाला असताना असले मेळावे कशाला,’ असा प्रश्न आलाय. आमच्या गुहागरकडे तरी दोनशे रुपयांच्या कामासाठी कोणी दारात येत नाही. आणि मेळाव्यात वस्तू टाकून जायचं नसतं, शेजारी बसून बघायचं असतं. डच पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी 2009 साली ॲमस्टरडॅममध्ये पहिलं ‘रिपेअर कॅफे’ भरवलं, त्याचीही रीत हीच.

माझं म्हणणं, वेळ गणपतीच्या पंधरा दिवस आधीची धरा. चाकरमान्यांची बंद घरं तेव्हा उघडतात आणि पावसाळी दमट, खारी हवा खाल्लेला निम्मा संसार रुसलेला असतो. पंखा गुरगुरतो पण फिरत नाही, हातानं ढकलला की चालतो? बहुतेकदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला लावणारा छोटा भाग, गेलेला असतो. छताच्या पंख्याला साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो, किंमत किरकोळ. ओल्या नारळाचं वाटण करताना मिक्सर मध्येच बंद पडला तर आधी प्लग काढा, थंड होऊ द्या, मग बुडाशी असलेलं लाल बटण दाबा. (आमच्या काकूंनी याच कारणासाठी नवा मिक्सर घेतला. जुना आता मी वापरतो!) विळीची खवणी सैल झाली असेल तर तीही आणा, रिव्हेट ठोकायला पाच मिनिटं पुरतात.

मायक्रोवेव्ह मात्र हौशी माणसानं उघडू नये. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो.

शाळेचा हॉल मिळत असेल तर माझी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर घेऊन मी येतो.