हार्ट अटॅकनंतर गुडघेदुखीवर कोणती गोळी द्यावी?

सत्तरीची लेक:
आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. बाबांना चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) अटॅक आला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट घातला. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि टिकाग्रेलोर चालू आहे. आता कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, परत जायला लागलेत आणि गुडघे भयंकर दुखतात. शेजारच्या काकांनी डायक्लोफिनॅकची गोळी आणून दिली, म्हणाले एका गोळीने काय होतंय? मला भीती वाटते. देऊ का?

डिचोलीतला फार्मासिस्ट:
नको ताई, अर्धीसुद्धा नको. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब, सगळी एकाच कुळातली. अंगात पाणी साठवतात, बीपी चढवतात. त्यात बाबांच्या दोन गोळ्यांनी रक्त आधीच पातळ आहे, पोटात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. आयब्युप्रोफेन तर प्लेटलेटवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) अ‍ॅस्पिरिनने जिथं बसायचं तीच जागा अडवते, मग अ‍ॅस्पिरिनचं काम नीट होत नाही. डेन्मार्कमध्ये अटॅक येऊन गेलेल्या ८३ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०११ साली ते प्रसिद्ध झालं. थोडे दिवस घेतली तरी धोका वाढलेला दिसला, डायक्लोफिनॅकचा तर सुरुवातीपासूनच.

यकृत ठीक असेल, रोजची दारू नसेल तर साधी पॅरासिटामॉल ५०० द्या, तीही डॉक्टरांना फोन करून, किती वेळा ते विचारून. पण पाकीट उलटून घटक वाचाच. एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास खपते, नावापुढचा ‘पी’ बघून लोक ती साधी समजतात. मला या गोळीचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉलही नको, तिच्यात सोडियम फार.

सत्तरीची लेक:
आणि चोळायचं जेल?

डिचोलीतला फार्मासिस्ट:
त्यातलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं. गुडघ्यापुरतं लावायला बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, पण विचारा.

मडगावची नर्स:
एक राहिलं. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, १०८ लावा. हॉस्पिटलात मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक लगेच दिलं नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. मॉर्फिनने पोटाचं काम मंदावतं आणि टिकाग्रेलोर रक्तात उशिरा पोचते, म्हणून ते असह्य वेदनेसाठीच राखून ठेवतात.

सत्तरीची लेक:
काकांची गोळी परत दिली. उद्या ओपीडीत फोन करते.