‘चित्र जमत नसेल तर प्रॉडक्शनमध्ये जा’ हा सल्ला थांबवा

रात्रपाळी :
पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीनं काल विचारलं, ॲनिमेशनमध्ये प्रॉडक्शनला, म्हणजे कामाचं वेळापत्रक सांभाळायला, जाऊ का? तिला उत्तर मिळालं, ‘चित्र जमत नसेल तर जा, एक्सेल आलं की झालं.’ वाचून राहवेना. मी अकरा वर्षं हेच करतेय. रोज सकाळी आधी पाहायचं, कालचे कुठले शॉट पास झाले, कुठले रीटेकला (पुन्हा करायला) गेले. एका पात्राचं रिग (त्याला हलवायचा आतला सांगाडा) बदललं की त्यावर उभे असलेले चाळीस शॉट अडकतात, लायटिंगवाले बसून राहतात, रेंडर फार्म (अंतिम चित्रं तयार करणारे संगणक) रिकामं. हे दोन आठवडे आधी ज्याला दिसतं त्याला प्रॉडक्शन येतं. त्या मुलीला सांगेन, जा. पण आधी स्वतःची एक मिनिटाची फिल्म पूर्ण कर. सेकंदाला २४ फ्रेम, टूजवर (एक चित्र दोन फ्रेम ठेवून) केलं तरी १२ चित्रं, म्हणजे मिनिटाला ७२०. ती काढल्याशिवाय दुसऱ्याला ‘उद्या देतोस ना?’ विचारू नये.

कीफ्रेम :
शेवटचं वाक्य सोडून असहमत. तुमचे किती प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर अशी फिल्म करून येतात? माझ्या खुर्चीमागे उभं राहून ‘किती टक्के झालं?’ विचारणारेच मी पाहिलेत. शॉटला टक्के नसतात हो! ब्लॉकिंग (मुख्य पोझचा कच्चा आराखडा) पास होतं नाहीतर होत नाही. एकदा शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटच्या नोट्स आल्या, कोऑर्डिनेटरनं आम्हाला न विचारता सोमवारचा शब्द दिला. काम लांबलं, दोन रविवार गेले, पैसा मिळाला नाही. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

रात्रपाळी :
शब्द कोऑर्डिनेटर देत नाही, वरून येतो. तो फक्त तुम्हाला येऊन सांगतो आणि शिव्या खातो. मूळ दुखणं क्लायंटला आधीच लावलेल्या ठरावीक रकमेच्या बोलीचं आहे. रीटेक कितीही वाढोत, रक्कम तीच. ‘रिदम अँड ह्यूज’ या व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओनं फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात तिथल्या कामाला ‘लाइफ ऑफ पाय’साठी ऑस्कर मिळालं. ते काय एखाद्या कोऑर्डिनेटरमुळे बुडालं?

कीफ्रेम :
बोली करताना प्रॉडक्शनच बसतं ना टेबलावर? आम्हाला बोलावतं कोण? ‘हा शॉट तीन दिवसांचा’ असं कागदावर लिहिणाऱ्यानं कधी पाण्यात उभं पात्र हलवून पाहिलंय का? आणि खापर वरच्यांवर!

रफ_लाइन :
दोघंही भांडताय, प्रश्न राहिला बाजूला. पोरी, एक गोष्ट लक्षात ठेव. प्रॉडक्शनमध्ये शिरून मग हळूच ॲनिमेशनमध्ये सरकू, असं मनात असेल तर जाऊ नकोस. मी तसाच गेलो. तीन वर्षं सकाळी डेलीज (आदल्या दिवसाचं काम एकत्र पाहण्याची बैठक), रात्री शेड्यूल. शोरील (स्वतःच्या कामाच्या नमुन्यांची फिल्म) उघडायलाही वेळ झाला नाही, आणि माझ्यानंतर आलेली मुलं ॲनिमेटर झाली. ती तीन वर्षं आजही सलतात.

रात्रपाळी :
हे खरं आहे, मी लिहायला हवं होतं. पण चित्र न काढणारा दुय्यम, हे मानणार नाही. जपानचे इसाओ ताकाहाता स्वतः ॲनिमेटर नव्हते, तरी ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक म्हणून कुठे पोचले पाहा.

कीफ्रेम :
ताकाहाता एखादाच, त्याच्या नावावर शंभर जणांना भरती करू नका. बरं, एक मानतो. डिस्नेच्या ॲनिमेशन स्टुडिओतल्या प्रॉडक्शनच्या लोकांनी २०२३ मध्ये ॲनिमेशन गिल्ड या कामगार संघटनेच्या बाजूनं मत दिलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तिथले कलाकार कित्येक दशकं गिल्डमध्ये होते आणि हे लोक बाहेर. तेही आमच्याइतकेच रात्री जागत होते. पण माझे दोन रविवार मी विसरणार नाही.

रात्रपाळी :
विसरू नका. त्या मुलीनं मुलाखतीत तेच विचारावं : बोलीत रीटेकच्या किती फेऱ्या धरल्यात, आणि त्यापुढच्या तासांचे पैसे कोण देतं?

कीफ्रेम :
आणि उत्तर लेखी मागावं.